'गेल्यास', 'शिवाय' आणि 'ज्या-त्या': साईन वापरणाऱ्या कर्णबधिर प्रौढांना अवघड मराठी वाक्यं कशी शिकवायची

"औषध डोळ्यांत गेल्यास डोळे भरपूर पाण्याने धुवावेत."

कीटकनाशकाच्या डब्यासोबत येणाऱ्या कागदावर अशा धाटणीची वाक्यं असतात. यातले फक्त ओळखीचे शब्द वेचून बघा: औषध, डोळे, पाणी, धुणे. निवासी शाळेत कित्येक वर्षं काढलेला, अक्षर सुरेख असलेला कर्णबधिर माणूस हेच करतो. मग त्याच्या हाती अर्थ येतो तो असा: हे डोळ्यांत टाकायचं औषध आहे, टाका आणि मग पाण्याने धुवा. वाक्यातला सगळा धोका 'गेल्यास' या एका रूपात आहे आणि नेमकं तेच रूप त्याच्या नजरेतून निसटतं. आपल्याकडे फवारणीच्या विषालाही 'औषध'च म्हणतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. ऐकणाऱ्या माणसाला निदान शेजारी ओरडून सावध करतो. न ऐकणाऱ्याला कागदाचाच आधार.

हा लेख अशा प्रौढांना मराठी वाचायला शिकवू पाहणाऱ्यांसाठी आहे: कर्णबधिर शाळेतले शिक्षक, दुभाषी, गावात वर्ग चालवणारे कार्यकर्ते, घरातली ऐकणारी भावंडं. माझा आग्रह दोन गोष्टींचा. वाक्याचा अर्थ साईनमध्ये, म्हणजे हातांच्या आणि चेहऱ्याच्या खुणांच्या सांकेतिक भाषेत, पुरता उभा राहिल्याशिवाय छापील वाक्याला हात लावायचा नाही. आणि कोणतं व्याकरण आधी, कोणतं नंतर, हे पाठ्यपुस्तकावरून ठरवायचं नाही; शिकणाऱ्याच्या घरी जे कागद येतात त्यांवरून ठरवायचं.

समोर कोण बसलंय

'कर्णबधिर' म्हटलं की सगळे एकसारखे असं धरून चालू नका. खेड्यातल्या वर्गात साधारण तीन तऱ्हेची माणसं येतात. काही जण जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी निवासी शाळेत राहून आलेले असतात. मित्रांसोबत साईन फर्डी झालेली, अक्षरओळख पक्की, नामं आणि क्रियापदं बरीच माहीत, पण वाक्य हाती लागत नाही. काही जणांचं ऐकणं उशिरा गेलेलं असतं किंवा थोडं शिल्लक असतं; त्यांच्या डोक्यात बोली मराठी आधीच आहे, त्यांना हा लेख फारसा लागणार नाही. तिसरे कधीच शाळेत न गेलेले. त्यांच्याजवळ घरच्या खुणा असतात: भाकर, पाणी, बैल, आई, पैसे. त्या खुणा आईला आणि भावाला कळतात, शेजारच्या गावातल्या कर्णबधिर माणसाला कळतीलच असं नाही.

या तिसऱ्या गटाला लगेच व्याकरण शिकवायला बसवू नका. त्यांना आधी भाषा हवी आहे, आणि ती दुसऱ्या कर्णबधिर माणसांच्या संगतीतच येते. त्यांना वर्गात जरूर बसवा, गप्पांत घ्या, नावाची खूण द्या, सणावाराचे प्रसंग सांगायला लावा. छापील वाक्याचा नंबर नंतर.

कोण कुठल्या गटात हे ओळखायला कागदी परीक्षा नको. साईनमध्ये एक छोटी हकिकत सांगा: गावात पाऊस आला नाही, एकाने धूळपेरणी केली, दुसरा थांबला, कोणाचं बियाणं वाया गेलं. आता ती परत सांगायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. कोणी काय केलं, आधी काय, नंतर काय, पाऊस आला असता तर काय झालं असतं, एवढं ज्याच्या हातांतून नीट बाहेर येतं त्याला गुंतागुंतीचं मराठी वाक्य शिकवता येतं. विचार त्याच्याजवळ आहेच, फक्त मराठीचा वेश नाही.

शक्यतो एकट्याने शिकवू नका. साईन मातृभाषेसारखी असलेली कर्णबधिर व्यक्ती सोबत शिक्षक म्हणून हवी, मदतनीस म्हणून नव्हे. कर्णबधिर व्यक्तींसाठी भारतीय सांकेतिक भाषा शिकवण्याचा डिप्लोमा असतो. तो केलेलं कोणी आसपास आहे का ते शोधा. नसेल तर वर्गातल्याच सगळ्यात चांगली हकिकत सांगणाऱ्या माणसाला घ्या आणि त्याला मानधन द्या. तुम्ही कितीही छान साईन करत असाल, तरी प्रौढ माणूस आपल्यासारख्याला पाहून जितका मोकळा होतो तितका तुमच्यासमोर होणार नाही.

वेळ, जागा, सामान

वर्गाचं वेळापत्रक शेतीच्या मागे चालतं. पेरणी, डवरणी, निंदणात कोणी येत नाही; दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू झाली की बाया तर मुळीच येत नाहीत. फेब्रुवारी ते मे हा काळ बरा, तोही सकाळचा, कारण उन्हाळ्यात दुपारी टिनाच्या खोलीत कोणी बसू शकत नाही. फवारणीचे कागद मात्र जून उजाडण्यापूर्वी शिकवून व्हायला हवेत, नाहीतर कामाच्या वेळी उपयोग नाही.

ग्रामपंचायतीकडे खोली मागा. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. फळा, कागद, मार्कर यांसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खुर्च्या अर्धगोलात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतील. शिक्षकाची पाठ खिडकीकडे नको, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो आणि चेहऱ्यावरच अर्धं व्याकरण असतं. वीज जाणार हे धरून दाराजवळची जागा पकडा.

सामान साधं: जाड कागदाच्या पट्ट्या, मार्कर, दोरी, चिमटे, मोबाईल. एका गोष्टीची काळजी घ्या. पट्ट्यांवर लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग व्याकरणासाठी वापरू नका. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग हेच आहेत आणि तिथे लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. त्या रंगांचा अर्थ माणसाच्या डोक्यात एकच राहू द्या. मी रंगांऐवजी रेघा वापरतो: अटीखाली नागमोडी रेघ, परिणामाखाली दुहेरी सरळ रेघ, करणाऱ्याभोवती गोल, ज्याच्यावर क्रिया झाली त्याभोवती चौकोन.

आणि एक शिस्त, जी ऐकणाऱ्या शिक्षकांना सगळ्यात जड जाते: एका वेळी एकच. शिकणारा कागद बघत असेल तेव्हा तुमचे हात थांबलेले हवेत. फळ्यावर लिहिता लिहिता समजावणं ही ऐकणाऱ्यांची सोय आहे. इथे तुम्ही फळ्याकडे वळलात की बोलणं बंद पडलं. लिहा, बाजूला व्हा, वाचू द्या, मग टेबलावर थाप मारून किंवा हात हलवून नजर आपल्याकडे घ्या आणि साईन करा. वर्ग हळू चालतो. चालू द्या.

प्रौढांना 'दादा', 'ताई', 'काकू' म्हणून वागवा. चाळीस वर्षांच्या माणसाच्या वहीवर चांदणी काढून देऊ नका.

साईनचं व्याकरण आधी तुम्ही शिका

साईनला व्याकरण नसतं असं अजून पुष्कळ शिक्षक मानतात. १८८० साली इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेने शाळांतून साईन हद्दपार करायचा ठराव केला, त्याची सावली आपल्या शाळांवरही दीर्घकाळ पडली. मुलांना ओठ वाचायला आणि आवाज काढायला शिकवण्यात वर्षं गेली. म्हणूनच आज तुमच्यासमोर बसलेला माणूस फळ्यावरचा परिच्छेद एकही काना न चुकवता उतरवतो, आणि त्यात काय लिहिलंय विचारलं तर हसून मान हलवतो. आता परिस्थिती बदलते आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा आहे, दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं आणि त्याच्या शब्दकोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत दहा हजार खुणा आहेत. त्या खुणांचे व्हिडिओ तालुक्याला नेटवर्क असताना डाउनलोड करून ठेवा.

तुम्हाला वर्गापुरतं माहीत हवं ते एवढं. भारतीय सांकेतिक भाषेत क्रियापद बहुधा शेवटी येतं, मराठीसारखंच. हा मोठा फायदा आहे. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो: 'तुझं गाव कुठे' असाच क्रम. नकारही शेवटी, मान हलवून. काळ क्रियापदात नसतो, वाक्याच्या सुरुवातीला 'काल', 'उद्या', 'मागच्या वर्षी' असं एकदा सांगून टाकतात. काम पूर्ण झालं हे दाखवायला वेगळी 'झालं' ही खूण. देणे, विचारणे, मदत करणे यांसारखी क्रियापदं हवेतल्या एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जातात, आणि त्या दिशेवरूनच कोणी कोणाला ते कळतं. अट असली की ती सांगताना भुवया वर जातात, क्षणभर थांबतात, मग परिणाम. विभक्तीचे प्रत्यय, तीन लिंगं, क्रियापदाचं कर्माप्रमाणे बदलणं यांतलं काहीच नाही.

यावरून कुठे अडेल ते दिसतं. अट, दिशा, क्रम हे सगळं त्यांच्या भाषेत आहे, पण चेहऱ्यावर आणि हवेत आहे. मराठीत तेच दोन अक्षरांच्या प्रत्ययात दडलेलं आहे. तुमचं काम ती जोडणी दाखवण्याचं.

प्रत्येक मराठी शब्दासाठी एक खूण, त्याच क्रमाने, प्रत्ययासकट, असं 'मराठी साईन' करू नका. ते ना धड साईन ना धड मराठी, आणि अर्थ त्यात मरतो. दुसरं, साईन करताना तोंडाने बोलत असाल तर छापल्याप्रमाणे बोला, नाहीतर तोंड बंद ठेवा. ओठांवर 'जाऊन रायलो' आणि पट्टीवर 'जात आहे' असं झालं की ओठ वाचणारा गोंधळतो. घरी त्यांनी आयुष्यभर 'मले-तुले' असलेले ओठ पाहिलेत. कागदावरचं 'मला-तुला' त्यांना वेगळाच शब्द वाटू शकतो, ते एकदा शेजारी लिहून दाखवा आणि पुढे चला.

पहिला धडा: गेल्यास, झाल्यास, नसल्यास

सुरुवात लिंग-वचनाने करू नका. अटीने करा, ती साईनमध्ये स्वच्छ आहे आणि सरकारी, बँकेच्या, शेतीच्या कागदांत ठायी ठायी आहे.

आधी प्रसंग. पाण्याची साधी बाटली घ्या, खरा औषधाचा डबा वर्गात आणू नका. कर्णबधिर शिक्षक फवारणीची नक्कल करतो, वारा उलटा येतो, थेंब डोळ्यांत. मग काय? सगळे दाखवतील: पाणी, धुणे, दवाखाना. आता तोच शिक्षक नक्कल न करता साईनमध्ये सांगतो: औषध डोळ्यांत जाणे, भुवया वर, थांबा, पाणी भरपूर, डोळे धुणे. इथे विचारा: आज औषध डोळ्यांत गेलं का? 'नाही' असं उत्तर यायला हवं. जो 'हो' म्हणतो त्याला अट अजून कळलेली नाही, त्याच्यासाठी दुसरा प्रसंग घ्या: बैल सुटला तर, पाहुणे आले तर, लाईट गेली तर. प्रत्येक वेळी तोच प्रश्न: आत्ता सुटला आहे का?

हे पक्कं झालं की पहिली पट्टी:

जर औषध डोळ्यांत गेलं, तर डोळे धुवा.

'जर' ते 'गेलं' नागमोडी रेघ, 'तर' पासून पुढे दुहेरी. भुवया वर असतात तो भाग आणि नागमोडी रेघ एकच, हे बोटाने पट्टीवर आणि मग स्वतःच्या कपाळावर दाखवा. ही जोडणी या धड्याचा गाभा आहे, इथे घाई नको.

मग 'जर' कात्रीने कापून टाका. अर्थ बदलला का? नाही. आता 'गेलं तर' कापून तिथे 'गेल्यास' ठेवा. अर्थ तोच, रेघा त्याच, भुवया त्याच. तीन पट्ट्या एकाखाली एक भिंतीला चिकटवा. कागदावर बहुतेक वेळा तिसरीच येते, हेही सांगा.

पुढची अडचण रूपाची. 'गेल्यास' पाहून 'जा' आठवत नाही, कारण दोघांत एक अक्षरही सारखं नाही. ऐकणाऱ्या मुलाला 'जा, गेला, गेल्यावर' हे नातं कानाने मिळतं. इथे डोळ्यांनी द्यावं लागतं. म्हणून अशा रूपांची भिंत तयार करा: जा आणि गेल्यास, हो आणि झाल्यास, कर आणि केल्यास, ये आणि आल्यास, दे आणि दिल्यास, घे आणि घेतल्यास, अस आणि असल्यास, नस आणि नसल्यास. एका बाजूला साईनचा फोटो, दुसऱ्या बाजूला दोन्ही रूपं. पाठ करून घेण्यापेक्षा रोज येता-जाता ओळखायला लावा. 'बघ, बघितल्यास', 'विचार, विचारल्यास' अशी सरळ रूपं आपोआप लागतात, त्यांवर वेळ घालवायची गरज नाही.

आता खरी परीक्षा: 'पाऊस आल्यास पेरणी करा' आणि 'पाऊस आल्यावर पेरणी करा'. फरक फक्त शेवटी: 'स' आणि 'वर'. पहिल्यात पाऊस येईल की नाही माहीत नाही. दुसऱ्यात येणारच धरलंय, फक्त वेळ सांगितली. साईनमध्ये पहिल्याला भुवया आणि शंकेचा चेहरा, दुसऱ्याला 'झालं' ही खूण आणि मग पुढचं काम. दोन पाकिटं ठेवा, 'कदाचित' आणि 'नक्की, नंतर', आणि वाक्यांच्या चिठ्ठ्या टाकायला सांगा. वाक्यं शिकणाऱ्यांच्या व्यवहारातली हवीत: 'खाते बंद असल्यास रक्कम परत जाईल', 'कापूस वाळल्यावर गाडीत भरा', 'कागदपत्रे अपूर्ण असल्यास अर्ज नामंजूर होईल'. ज्याचं पाकीट चुकलं त्याला उत्तर सांगू नका, वाक्य साईनमध्ये करून दाखवायला सांगा. करता करता चूक त्याची त्यालाच दिसते.

डब्याच्या कागदावरचं सुरुवातीचं वाक्य आत्ता द्या. 'धुवावेत' पाशी थोडं थांबावं लागेल: धुवा, धुवावे, धुवावेत, धुणे आवश्यक, सगळ्यांचा निरोप एकच, हे करायचं आहे. 'फवारू नये', 'खाऊ नका' यांचाही एक गठ्ठा: करायचं नाही. लिंग-वचनाचा भेद इथे पूर्ण दुर्लक्षित केला तरी चालतो.

'शिवाय'चा सापळा

"हात साबणाने धुतल्याशिवाय जेवू नये."

शब्द वेचणाऱ्याला हे वाक्य उलटं कळतं: हात धुतले, आता जेवायचं नाही. दोन नकार आहेत, एक 'शिवाय'मध्ये लपलेला. समजावून सांगण्यापेक्षा वाक्य फोडा. फळ्यावर दोन चौकटी काढा. एकीत: हात धुतले नाहीत, जेवायचं नाही. दुसरीत: हात धुतले, जेवायचं. साईनमध्येही दोन्ही करा. मग 'शिवाय'ची पट्टी पहिल्या चौकटीवर चिकटवा: 'शिवाय' दिसलं की मागच्या क्रियेला 'नाही' लावायचं आणि भुवया वर न्यायच्या. दुसरी चौकट वाक्यात लिहिलेली नसते, पण तीच खरी सूचना असते. हे कळलं की वर्गात हमखास कोणीतरी विचारतो की मग ऐकणारे सरळ का लिहीत नाहीत. प्रश्न अगदी बरोबर आहे.

सरावाला: 'आधार कार्ड दाखवल्याशिवाय धान्य मिळणार नाही', 'अंगठा लावल्याशिवाय पैसे निघत नाहीत', 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये'.

क्रम सांगणारी रूपं, म्हणजे करण्यापूर्वी, करून, करताना, केल्यानंतर, त्यामानाने सोपी. जमिनीवर दोरी टाका, एक टोक आधी, दुसरं नंतर. वाक्यातल्या दोन क्रियांच्या चिठ्ठ्या चिमट्याने दोरीला लावायला सांगा. 'फवारणी करण्यापूर्वी माहितीपत्रक वाचा' मध्ये फवारणी कागदावर पहिली येते आणि दोरीवर दुसरी, एवढंच चुकतं. 'करताना'साठी दोन्ही चिठ्ठ्या एकाच चिमट्यात: फवारणी करताना तंबाखू खाऊ नये.

कोणी कोणाला मारलं

चंद्रपूरकडच्या वर्गात हे उदाहरण कोणाला समजावून सांगावं लागत नाही: 'वाघाने माणसाला मारले' आणि 'माणसाने वाघाला मारले'. शब्द तेच, बातमी वेगळी. आणि तिसरं, 'वाघाला माणसाने मारले'. बहुतेक जण पहिला आलेला तो मारणारा असं धरतात, म्हणून तिसऱ्यावर अडतात.

साईनमध्ये वाघ डावीकडे, माणूस उजवीकडे असं हवेत ठरवा आणि मारण्याची दिशा दाखवा. मग पट्टीवर 'ने'भोवती गोल, 'ला'भोवती चौकोन, आणि गोलाकडून चौकोनाकडे बाण. पट्टीचे तुकडे करून जागा बदला. बाण कुठूनही कुठे गेला तरी गोलातूनच निघतो. 'वाघ' चा 'वाघा' होतो तसं 'विहीर' चं 'विहिरी', 'घोडा' चं 'घोड्या'. प्रत्ययापूर्वी शब्द थोडा मोडतो एवढं सांगून पुढे जा, सामान्यरूपाचे नियम शिकवत बसू नका. 'मी' आणि 'तू' ला 'ने' लागत नाही: त्याने कापूस वेचला, पण मी कापूस वेचला. हे एकदा ठळक दाखवा.

खरी गोम पुढे आहे. 'सुनीलने शेळी विकली.' वाचणारा 'विकली' बघतो आणि विचारतो, विकणारी बाई कोण? प्रश्न हुशारीचा आहे, कारण 'आली, गेली, बसली' वरून त्याने नियम बरोबर काढला होता. इथे 'ली' शेळीची आहे. सुनीलने बैल विकला, शेळी विकली, वासरू विकले, शेळ्या विकल्या: चार पट्ट्या, प्रत्येकीत प्राण्याचं शेवटचं अक्षर आणि क्रियापदाचं शेवटचं अक्षर यांना दोरा लावा. सुनीलच्या जागी सुनीता ठेवा. काही बदलत नाही. 'ने' दिसलं की क्रियापदाकडे पाहून माणूस ओळखायचा नाही, एवढं हाती लागलं तरी वाचन पुष्कळ सुधारतं. लिंग मात्र पाठांतराचीच गोष्ट आहे. नवीन नाम देताना तो कापूस, ती तूर, ते बियाणे असं जोडीनेच द्या.

सरकारी कागदावर करणारा बहुधा नसतोच: 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' शिकणारा 'कोणी केला?' म्हणून शोधत राहतो. सांगा की सांगितलेलं नाही, साहेब किंवा कार्यालय. साईनमध्ये कर्ता गाळून, नजर कोणाकडे न लावता ते सहज करता येतं. 'करण्यात आले' म्हणजे झालं, 'करण्यात येईल' म्हणजे होणार, 'करण्यात यावे' म्हणजे करा. या तिघांची एक पट्टी प्रत्येकाच्या पासबुकात ठेवायला द्या.

ज्या आणि त्या

"ज्या लाभार्थ्यांनी हयातीचा दाखला सादर केलेला नाही, त्यांचे अनुदान थांबविण्यात येईल."

निराधार योजनेचं अनुदान घेणाऱ्याला याचा अर्थ कळणं म्हणजे महिन्याचे पैसे चालू राहणं. हा धडा शेवटी ठेवला कारण यात आधीचं सगळं येतं: 'ने' (इथे अनेकवचनात 'नी'), नकार, 'करण्यात येईल'.

साईनमध्ये यासाठी एक छान वाट तयार आहे. साईन करणारे गप्पांत स्वतःच प्रश्न टाकून स्वतःच उत्तर देतात. 'दाखला देणे नाही, कोण? त्यांचे पैसे बंद.' प्रश्नाचा शब्द शेवटी येत असल्याने तो बरोबर दोन भागांच्या मध्ये, जणू स्वल्पविरामाच्या जागी, बसतो. हेच त्यांच्याकडून करून घ्या, मग पट्टी दाखवा. 'ज्या' आणि 'त्यांचे' यांना एकाच दोऱ्याने बांधा. 'ज' दिसला की पुढे 'त' शोधायचा, मध्ये कितीही लांब वाक्य असो: जो-तो, जी-ती, जे-ते, ज्यांना-त्यांना, जिथे-तिथे, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं. 'ज'पासून स्वल्पविरामापर्यंत ओळख सांगितली आहे, कोणाबद्दल बोलतोय ते, 'त'पासून बातमी.

आता विचारा: तुम्ही दाखला दिला आहे, तुमचे पैसे थांबतील का? आणि ज्याने दिला नाही त्याचे? प्रत्येकाने स्वतःपुरतं उत्तर द्यायचं. वर्गातले अर्धे जण इथे खिशातून पासबुक काढतात, धडा बाजूला राहतो आणि कोणाचा दाखला राहिलाय याची चौकशी सुरू होते. राहू द्या बाजूला.

हेच सरकारी मराठी कधी 'दाखला सादर न केलेल्या लाभार्थ्यांचे अनुदान' असं आखडून येतं. 'केलेला', 'करणारा' ही रूपं 'ज्या-त्या' पक्कं झाल्यावरच घ्या, आणि प्रत्येक वेळी लांब वाक्यात उलगडून दाखवा: रांगेत उभी असलेली बाई, म्हणजे जी बाई रांगेत उभी आहे ती.

लिहिणं

वाचन बरंच पुढे गेल्यावर लिहिणं घ्या, आणि ते व्हॉट्सअॅपवरून घ्या, कारण मेसेज ते रोज पाठवतातच. 'मी काल बाजार गेला भाजी आण' असा मेसेज आला तर त्याला लाल शाई लावू नका. आधी उत्तर द्या: 'बरं, काल तुम्ही बाजारात गेलात आणि भाजी आणली. काय भाव होता?' बरोबर वाक्य त्याच्या डोळ्यांसमोर गेलं, गप्पाही चालू राहिल्या. वर्गात एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा. ज्या चुकीने अर्थ उलटतो ती आधी: कोणी-कोणाला, नकार, अट, वेळ. 'गेला'च्या जागी 'गेली' राहिलं तर तहसीलदार अर्ज फेटाळत नाही.

पहिला खरा मजकूर अर्जाचा असू द्या. चार ओळींचा साचा: मी कोण, काय मागतो, का, सोबत काय जोडलं. साचा दिला म्हणून कमीपणा नाही. ऐकणारेही अर्ज सेतू केंद्राबाहेरच्या माणसाकडून लिहून घेतात.

समजलं की नाही

'समजलं का?' हा प्रश्न वर्गातून काढून टाका. ऐकणाऱ्या माणसाने काही विचारलं की मान हलवून मोकळं व्हायचं, ही सवय कर्णबधिर माणसाला लहानपणापासून लागलेली असते. मान हलली याचा अर्थ काहीच नाही. करून दाखवायला सांगा, दोन चित्रांतलं एक उचलायला सांगा, वाक्य आपल्या शब्दांत साईन करून मित्राला सांगायला सांगा आणि मित्राला विचारा. कोणी वाक्यातले शब्द एकामागून एक खुणांनी नुसते मोजून दाखवत असेल, भुवया सपाट असतील, तर तो वाचतोय पण अर्थ लागलेला नाही. हे चेहऱ्यावर लगेच ओळखू येतं.

महिन्यातून एकदा कधीच न पाहिलेला कागद द्या: विजेच्या बिलाची मागची बाजू, बँकेचा मेसेज, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना मोबाईलवर फोटो काढून. प्रश्न तीनच विचारा: हे तुमच्यासाठी आहे का, काय करायचं आहे, नाही केलं तर काय. तिन्हींची उत्तरं आली की पुढचा कागद. तिसऱ्यावर अडलं तर पट्ट्यांच्या भिंतीकडे परत जा. बहुतेक वेळा 'शिवाय' किंवा 'नसल्यास' सुटलेलं असतं. वर्गात आलेला प्रत्येक नवा कागद एका फाईलमध्ये ठेवा, त्यातली अडलेली वाक्यं वेगळ्या वहीत उतरवा आणि कर्णबधिर शिक्षकाने केलेलं त्यांचं साईन व्हिडिओ करून गटावर टाका. पुढच्या हंगामात नवीन माणसं येतील, त्यांचा पहिला धडा त्याच व्हिडिओंनी घेता येतो.